९९ वर्षे, ९९९ वर्षे की कायम? भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील मुंबईतील मालमत्ता कशी तपासावी

मुंबईत जुन्या इमारतीतला फ्लॅट पाहायला गेले की ‘जागा लीजची आहे, पण ९९९ वर्षांची, म्हणजे मालकीचीच’ हे वाक्य दलालाच्या तोंडून हमखास ऐकू येते. पट्टा किती वर्षांचा आहे हे पाहायचे असतेच. परंतु त्यात अटी कोणत्या आहेत, त्या मोडल्या तर काय होते आणि त्या अटी बजावून घेणारा जमीनमालक कोण आहे, या तीन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या असतात. स्वच्छ अटींचा साठ वर्षांचा पट्टा हा जाचक अटींच्या ९९९ वर्षांच्या पट्ट्यापेक्षा व्यवहारात अधिक सुरक्षित असू शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील तपासणी फ्लॅट घेणारे, सोसायटीचे पदाधिकारी आणि पट्ट्याची जमीन वारशाने मिळालेले, अशा तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

हक्काचे स्वरूप आधी समजून घ्यावे

इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये भाडेपट्ट्याला निश्चित मुदत लागते. ज्याचा शेवट कधी ते ठरवता येत नाही, असा पट्टा तेथे पट्टा म्हणून टिकत नाही. म्हणून ज्यांना जमीन जवळजवळ कायमची द्यायची होती, पण वरची मालकी आणि अटी घालण्याचा अधिकार सोडायचा नव्हता, त्यांनी ९९९ वर्षांसारखे आकडे वापरले. डब्लिनमधील गिनेसच्या कारखान्याचा १७५९ सालचा पट्टा तर वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांचा होता. ज्या पट्ट्यांचे नूतनीकरण अखंड होत राहावे असे लिहिलेले होते, ते इंग्लंडने १९२२ च्या कायद्याने २,००० वर्षांच्या पट्ट्यांत बदलून टाकले.

आपल्याकडे ही अडचण मुळात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्टा ठरावीक मुदतीचा असू शकतो, तसा कायमचाही असू शकतो. तरीही मुंबईतील जुने दस्त बहुधा इंग्रजी सॉलिसिटरांच्या साच्यातून निघाले, त्यामुळे ९९ आणि ९९९ हे आकडे येथेही रुळले. हा अधिनियम मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याआधीचा दस्त हाती आल्यास ही तारीख आपल्या वकिलाच्या नजरेस आणून द्यावी.

मुदत कितीही असली तरी पट्ट्याने हस्तांतरित होतो तो उपभोगाचा हक्क, मालकी नव्हे. सुरुवातीला दिलेली एकरकमी किंमत म्हणजे प्रीमियम आणि दरवर्षी द्यायची रक्कम म्हणजे भुईभाडे. पागडीशी याची गल्लत करू नये. पागडीचा भाडेकरू हा इमारतीतल्या जागेचा भाडेकरू असतो आणि त्याला भाडे नियंत्रण कायद्याचे छत्र असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील जागेच्या व्याख्येत मात्र इमारत किंवा तिचा भाग येतो, मोकळी जमीन येत नाही. मुदत संपल्यावर ‘भाडेकरूला कोण काढणार’ या भरवशावर जमिनीच्या पट्टेदाराने राहू नये.

दुसऱ्या बाजूने, पट्टा नावापुरता असेल तर न्यायालय त्याचे खरे रूप पाहते. पुण्याजवळील लवासातील सदनिकांच्या ९९९ वर्षांच्या पट्ट्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरवले की जवळजवळ सगळी किंमत आधीच घेऊन नाममात्र भाड्यावर दिलेला असा पट्टा वस्तुतः विक्रीच असल्याने त्याला रेरा (गृहप्रकल्पांतील ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा) लागू होतो. म्हणून बिल्डर करारनाम्याऐवजी दीर्घ मुदतीचा पट्टा पुढे करीत असेल, तर ‘हे रेराबाहेर आहे’ हे त्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू नये.

जमीन नेमकी कोणाची आहे ते शोधावे

दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड सोन्याच्या देण्यावर सोपवली. काटेकोर कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा नव्हता, परंतु दरसाल थोडकी रक्कम भरून जमीन राखण्याची या शहराची सवय किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

आजचे जमीनमालक निरनिराळे आहेत. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांतील अनेक भूखंड प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखले. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि त्याचे पट्टे महापालिकेकडे आले. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावरची बरीच जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीची आहे. बॅकबेची भरणी आणि उपनगरांतील कित्येक सोसायट्यांच्या जमिनी राज्य सरकारच्या असून त्यांचा कारभार जिल्हाधिकारी पाहतात. म्हाडाच्या वसाहतींत इमारत विक्रीने आणि जमीन पट्ट्याने, अशी दोन दस्तांची पद्धत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएचे पट्टे ८० वर्षांचे, एमआयडीसीचे ९५ वर्षांचे आणि नवी मुंबईत सिडकोचे मूळ पट्टे ६० वर्षांचे असतात. शिवाय खाजगी ट्रस्ट आहेत, जुनी घराणी आहेत आणि परळ-लालबाग-दादर पट्ट्यात फझेंदारी जमिनी आहेत, जेथे फझेंदाराला भुईभाडे देऊन जमीन पिढ्यान्‌पिढ्या धारण केली जाते.

या शोधाची सुरुवात मिळकत पत्रिकेपासून (प्रॉपर्टी कार्डापासून) करावी. शहर भागासाठी सी.एस. क्रमांक आणि उपनगरांसाठी सी.टी.एस. क्रमांक घेऊन नगर भूमापन कार्यालयातून किंवा ऑनलाइन तिची ताजी प्रत काढावी आणि सत्ताप्रकार (जमीन कोणत्या प्रकारच्या हक्काने धारण केली आहे ते), धारक, पट्टेदार, इतर भार व शेरे हे रकाने वाचावेत. पट्टेदाराच्या रकान्यात अजून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचे नाव असेल, तर मधली सगळी हस्तांतरणे कागदावर आणल्याशिवाय तुमचा व्यवहार पुढे सरकणार नाही, हे तेव्हाच ओळखावे.

मूळ दस्त मिळवावा. सारांशावर समाधान मानू नये

एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या (पुढे येणारी कलमेही याच अधिनियमाची) कलम १०७ नुसार नोंदणीकृत दस्तानेच होतो. त्यामुळे मूळ पट्ट्याची प्रमाणित प्रत, प्रत्येक हस्तांतरणाचा दस्त, पोटपट्टा (पट्टेदाराने पुढे दुसऱ्याला दिलेला पट्टा) असल्यास तो, पूरक दस्त आणि परिशिष्टातील नकाशा एवढे सगळे दुय्यम निबंधकाच्या दप्तरातून काढावे. सूची क्रमांक दोनचा (नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशाचा) उतारा शोध घेण्यापुरता ठीक. अटी त्यात नसतात.

येथे एक फरक फार जणांच्या नजरेतून सुटतो. हाती असलेला कागद ‘भाडेपट्टा’ आहे की ‘भाडेपट्टा करून देण्याचा करार’ आहे? सार्वजनिक संस्था अनेकदा आधी करार करतात आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण झाल्यावरच प्रत्यक्ष पट्टा करून देतात. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, पण पट्टा करून घ्यायचा राहूनच गेला, अशी स्थिती असल्यास तो अपुरा दुवा विक्रेत्याने व्यवहारापूर्वी पुरा करून द्यावा, असा आग्रह धरावा.

शिल्लक मुदत मोजावी आणि नूतनीकरणाचे कलम शब्दशः वाचावे

मोजणी दस्ताच्या तारखेपासून करू नये, मुदत सुरू झाल्याच्या तारखेपासून करावी. दोन्हींत काही वर्षांचे अंतर असू शकते. समजा, ९९ वर्षांची मुदत १ जानेवारी १९३४ पासून सुरू झाली आहे. ती ३१ डिसेंबर २०३२ रोजी संपते. आज वीस वर्षांचे गृहकर्ज मागितले तर शिल्लक मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी भरते आणि बँकेचा वकील तेथेच बोट ठेवतो. पोटपट्टा असेल तर वरच्या पट्ट्याची मुदतही तपासावी, कारण वरचा पट्टा शर्तभंगामुळे जप्त झाला तर कलम ११५ नुसार सामान्यतः पोटपट्टाही त्याच्याबरोबर जातो.

नूतनीकरणाचे कलम असणे आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘त्याच अटींवर पट्ट्याचे नूतनीकरण करून दिले जाईल’ एवढेच लिहिले असेल तर न्यायालये त्याचा अर्थ सामान्यतः एकदाच नूतनीकरण असा घेतात. अखंड नूतनीकरण हवे असेल तर दस्तात ते निःसंदिग्धपणे यावे लागते. उदाहरणार्थ, ‘प्रत्येक नूतनीकृत पट्ट्यात नूतनीकरणाचे हे कलमही अंतर्भूत राहील आणि पट्टेदारास प्रत्येक मुदतीअखेर त्याचा लाभ घेता येईल’. नूतनीकरणाची मागणी मुदत संपण्यापूर्वी किती महिने, कोणत्या पद्धतीने आणि कोणाकडे करायची, तसेच नवे भाडे ठरलेले आहे की ‘त्या वेळी ठरेल’ असे मोघम आहे, हेही पाहावे. मोघम असल्यास पैशाच्या दृष्टीने ते नव्याने करार करण्यासारखेच असते.

कायमच्या पट्ट्याबाबत उलट बाजूची दक्षता घ्यावी लागते. ‘निरंतर’, ‘वंशपरंपरा’, ‘आचंद्रार्क’ अशा शब्दांनी हेतू स्पष्ट होतो. परंतु दस्तात मुदतच नसेल आणि ‘पट्टेदार भाडे देत राहील तोवर’ एवढेच असेल, तर पट्टा कायमचा न ठरता पट्टेदाराच्या हयातीपुरता ठरण्याचा धोका असतो. अशा वेळी जमीन बांधकामासाठी दिली होती का, भाडे एकदाही वाढले नाही का, वारसांकडून आणि खरेदीदारांकडून भाडे स्वीकारले गेले का, या गोष्टींचे पुरावे कामी येतात.

मुदत संपल्यावर काय होते याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे आहे. १९१४ पासून चालत आलेला तो पट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि नव्या पट्ट्याचा निर्णय व्हायला २०२४ उजाडले. त्यातही जमिनीचा मोठा भाग सार्वजनिक उद्यानासाठी वेगळा झाला. एवढ्या वजनदार पट्टेदाराला दहा वर्षांहून अधिक काळ ताटकळावे लागले, तर वीस-पंचवीस सभासदांच्या सोसायटीने अखेरच्या वर्षाची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

शर्तभंग, जप्ती आणि हस्तांतरणाची परवानगी

पट्ट्याचा हा भाग सर्वांत सावकाश वाचावा. मालमत्तेच्या इतर व्यवहारांत हस्तांतरणावर घातलेली सरसकट बंदी कलम १० नुसार निरर्थक ठरते. भाडेपट्टा त्याला अपवाद आहे, कारण तेथे जमीनमालकाच्या हितासाठी अशी अट घालता येते. कलम १०८ (ञ) पट्टेदाराला हक्क विकण्याची, गहाण ठेवण्याची आणि पोटपट्ट्याने देण्याची मुभा देते खरे, पण दस्तात विरुद्ध अट नसेल तरच. मुंबईतील संस्थांच्या पट्ट्यांत अशी अट असतेच, हे गृहीत धरून चालावे.

विनापरवानगी हस्तांतरण झाले आणि त्यासाठी जमीन परत ताब्यात घेण्याचा अधिकार मालकाने दस्तात स्पष्टपणे राखून ठेवला असेल, तर कलम १११ (छ) नुसार तो लेखी नोटीस देऊन पट्टा संपुष्टात आणू शकतो. हे कायमच्या पट्ट्यालाही लागू पडते. ‘कायम’ या शब्दाने शर्तभंगापासून बचाव होत नाही. आता पट्टेदाराला मिळणारे संरक्षण पाहू. भाडे थकल्यामुळे जप्तीचा दावा आला तर कलम ११४ नुसार थकबाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरून सुटका मागता येते. इतर शर्तभंगांसाठी कलम ११४ (क) नुसार मालकाने आधी भंग नेमका कोणता ते लेखी कळवून तो दुरुस्त करण्यास वाजवी वेळ द्यावा लागतो. मात्र हस्तांतरण, पोटभाडे किंवा ताबा दुसऱ्याला देणे यांविरुद्धची स्पष्ट अट मोडल्यास कलम ११४ (क) चा हा आधार मिळत नाही. म्हणजे भिंतीचा रंग किंवा कुंपणाची उंची चुकली तर कायदा सवड देतो. परवानगीशिवाय विकले तर ती सवड नाही.

म्हणून विक्रेत्याकडून जमीनमालकाची लेखी ना हरकत केवळ आजच्या व्यवहारासाठी मागू नये. मागच्या प्रत्येक हस्तांतरणाची मागावी. एखादी नसेल तर मालकाने त्यानंतर नव्या पट्टेदाराकडून भाडे स्वीकारून पावती दिली आहे का ते पाहावे, कारण शर्तभंग ठाऊक असूनही स्वीकारलेले भाडे हे जप्तीचा हक्क सोडल्याचे द्योतक मानले जाऊ शकते. तरीसुद्धा पावतीवर विसंबण्यापेक्षा हस्तांतरण शुल्क भरून मागचे सर्व नियमित करून घेणे मी पसंत करेन. हे शुल्क कोण भरणार, ते विसार देण्यापूर्वी ठरवावे. सरकारी जमिनींत त्याला अनर्जित उत्पन्नातील (जमिनीची किंमत वाढल्याने झालेल्या फायद्यातील) हिस्सा असे रूप येते आणि ती रक्कम लहान नसते.

वापराची अटही याच वेळी तपासावी. ‘केवळ निवासासाठी’, ‘भूखंडाच्या अमुक हिश्श्यापेक्षा अधिक बांधू नये’, ‘तळमजला व दोन मजले’ अशी बंधने जुन्या पट्ट्यांत सापडतात. विकास नियमावली जास्त चटईक्षेत्र देते म्हणून पट्ट्यातील बंधन आपोआप उठत नाही. ते उठवायला मालकाची संमती लागते आणि संमतीला किंमत असते.

भुईभाड्याचा हिशेब

वर्षाला एक रुपया भाडे असले तरी ते भरावे आणि पावती जपून ठेवावी. ‘तीस वर्षे कोणी भाडे मागायला आले नाही, म्हणजे जमीन आमची झाली’ हा समज चाळीपासून टॉवरपर्यंत सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. पट्टा चालू असेपर्यंत पट्टेदाराला प्रतिकूल कब्जा (दीर्घकाळच्या ताब्यावरून मालकीचा दावा) सांगता येत नाही, आणि ज्याच्याकडून ताबा घेतला त्याची मालकी नाकारता येत नाही. थकलेले भाडे दाव्याने वसूल करायला मालकाला तीन वर्षांची मर्यादा आहे, परंतु थकबाकी हे जप्तीचे कारण ठरू शकते ते वेगळेच.

खाजगी मालकाचे वारस सापडत नसतील तर शेवटच्या ज्ञात पत्त्यावर धनादेश आणि पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवून पोचपावती किंवा परत आलेला लिफाफा न फोडता ठेवावा. सार्वजनिक संस्थेने भाड्यात अवाच्या सवा वाढ केली असेल तर पोर्ट ट्रस्टच्या जमिनींबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ मधील निर्णय उपयोगी पडतो. सार्वजनिक संस्थेने निव्वळ नफेखोर जमीनदारासारखे वागू नये, भाडेवाढ वाजवी असावी, हे सूत्र त्यात आहे.

सोसायटीच्या नावावर काय आले आहे

फ्लॅटधारक हा बहुधा स्वतः पट्टेदार नसतो. पट्टेदार सोसायटी असते, किंवा अजूनही बिल्डरच असतो. मोफा कायद्यानुसार (बिल्डर आणि फ्लॅटधारक यांच्या व्यवहारांचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा) बिल्डरने त्याच्याकडे जो हक्क असेल तो सोसायटीला द्यायचा असतो, म्हणजे जमीन पट्ट्याची असल्यास उर्वरित मुदतीचे हस्तांतरण. तो टाळाटाळ करीत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहकार्याविना हक्क सोसायटीच्या नावे करून घेण्याचा) अर्ज करता येतो. पुनर्विकासाचा विचार असलेल्या सोसायटीने विकासक निवडण्याआधी जमीनमालकाकडून संमतीचे आणि प्रीमियमचे लेखी उत्तर मिळवावे. हा आकडा हाती नसताना सभासदांना किती वाढीव जागा मिळेल याची चर्चा करण्यात फारसा अर्थ नसतो.

मुद्रांक शुल्क

नवा पट्टा करताना महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ३६ लागू होतो. पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्के, दहापर्यंत २५ टक्के, एकोणतीसपर्यंत ५० टक्के आणि त्याहून अधिक किंवा कायमच्या पट्ट्यास ९० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क आकारले जाते. बाजारमूल्य दोन कोटी असेल तर कायमच्या पट्ट्यासाठी १ कोटी ८० लाखांवर, मुंबईतील ६ टक्के दराने, १० लाख ८० हजार रुपये होतात. शुल्क वाचवण्यासाठी २९ वर्षांचा पट्टा करून त्यात नूतनीकरणाचा पर्याय घालण्याची युक्ती कोणी सुचवल्यास ती उपयोगाची नाही, कारण नूतनीकरणाची मुदतही मूळ मुदतीत मिळवली जाते. जुना दस्त कमी मुद्रांकाचा असेल तर कमतरता भरल्याशिवाय तो पुराव्यात वाचला जात नाही.

मालकी हक्कात रूपांतर करावे का

राज्य सरकारच्या पट्ट्याच्या आणि भोगवटादार वर्ग २ च्या (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या) जमिनी निर्बंधमुक्त वर्ग १ मध्ये आणण्यासाठी नियम आहेत. त्यांतील सवलतीचे दर मुदतबंद असल्याने अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावा. खाजगी जमिनीत मालकाकडून वरचा हक्क विकत घेता येतो आणि दोन्ही हक्क एकाच हाती आले की कलम १११ (घ) नुसार पट्टा त्यात विलीन होतो. माझ्या मते पुनर्विकास पाच-सात वर्षांत होणार असेल किंवा मुदत तीस वर्षांच्या आत आली असेल तर हा खर्च करावा. ९९९ वर्षांतली आठ-नऊशे शिल्लक असतील, हस्तांतरणाची अट सौम्य असेल आणि इमारत धडधाकट असेल, तर घाईने तेथे पैसा गुंतवण्याचे कारण नाही.

नोंदणी झाल्यानंतर

हस्तांतरणाचा दस्त नोंदवल्यावर जमीनमालकाला पट्ट्यात सांगितलेल्या मुदतीत त्याची प्रत पाठवावी आणि पोच घ्यावी. ही मुदत काही दस्तांत अवघ्या महिन्याभराची असते. त्यानंतर मिळकत पत्रिकेवर फेरफाराचा अर्ज करावा, मालमत्ता कराच्या देयकावर नाव चढवावे आणि पुढील भुईभाड्याची पावती आपल्या किंवा सोसायटीच्या नावाने मागावी. जुन्या नावाने पावती देऊ केली तर ती तशीच स्वीकारू नये. लेखी हरकत नोंदवून नावात दुरुस्ती करून घ्यावी.